सिरॅमिक इंजिनिअरिंग : कमी गर्दीची वाट, पण डोळे उघडे ठेवून

बारावीचा निकाल लागला की नांदेड-लातूरच्या घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : ‘नीटला किती पडले?’ लातूर पॅटर्नने मराठवाड्याला भरपूर डॉक्टर दिले, यात शंका नाही. पण ज्यांचा नंबर लागत नाही त्या मुला-मुलींचं काय? बहुतेकांचं एक वर्ष रिपीट करण्यात जातं, कधी दुसरंही जातं. नंतर मावसभावाने जे केलं ते केलं जातं, किंवा ज्या कॉलेजची बस मोहल्ल्यात येते तिथे प्रवेश घेतला जातो. या सदरात आपण दर महिन्याला एक वाट पाहतो. या वेळची वाट आहे सिरॅमिक इंजिनिअरिंग. नाव ऐकलेलं असेल, पण ही शाखा शिकलेला माणूस आपल्या ओळखीत क्वचितच सापडेल.

लेखाचं सार आधीच सांगतो, म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही. हे क्षेत्र चांगलं आहे आणि इथे गर्दी कमी आहे. पण शिक्षण आणि नोकरी, दोन्हींसाठी घर सोडावं लागेल. आणि आत शिरायचा दरवाजा नीट निवडला नाही, तर हातात फक्त एक अपरिचित नावाची पदवी उरेल.

सिरॅमिक म्हणजे फक्त कपबशी नव्हे

सिरॅमिक म्हटलं की डोळ्यांपुढे चिनी मातीची बरणी, कपबशी, बाथरूमची टाइल येते. ते बरोबरच आहे, पण यादी तिथे संपत नाही. जमिनीतून मिळणाऱ्या किंवा रासायनिक रीतीने तयार केलेल्या, धातू नसलेल्या पदार्थांना प्रचंड उष्णता देऊन जी टणक वस्तू बनते ती सिरॅमिक. वीट, कौल, काच आणि सिमेंट हे सगळे याच घराण्यातले.

घरात फिरून पाहा. गॅस पेटवायच्या लायटरचा खटका दाबला की ठिणगी पडते, ती आतल्या छोट्या सिरॅमिक तुकड्यावर दाब पडल्यामुळे. मोटारसायकलच्या स्पार्क प्लगचा पांढरा भाग अॅल्युमिना नावाच्या सिरॅमिकचा असतो. डेंटिस्ट दातावर जी पांढरी कॅप बसवतो ती बऱ्याचदा झिर्कोनियाची असते. मोबाईलच्या सर्किटवर वाळूच्या कणाएवढे शेकडो कपॅसिटर असतात, त्यांतही सिरॅमिकच. विजेच्या खांबावरचे तपकिरी चिनी मातीचे इन्सुलेटर तर आपण लहानपणापासून बघतो.

या सगळ्यांत माती किंवा भुकटी कोणती घ्यायची, किती बारीक दळायची, साचा कसा दाबायचा, भट्टीचं तापमान किती आणि किती वेळ ठेवायचं, थंड होताना वस्तू तडकू नये म्हणून काय करायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे सिरॅमिक इंजिनिअर. आपल्याकडची साधी वीट साधारण ९०० ते १,००० अंश सेल्सिअसला भाजते. फरशीची टाइल १,२०० अंशांच्या आसपास भाजावी लागते. सिमेंटच्या भट्टीत सुमारे १,४५० अंश लागतात. तापमान थोडं चुकलं तरी संपूर्ण घाणा वाया जातो.

बीदरच्या भिंतीवरचा निळा रंग

ही विद्या आपल्या भागाला परकी नाही. उदगीर, देगलूर, निलंग्याच्या वाचकांनी बीदरचा ख्वाजा महमूद गवान यांचा मदरसा पाहिला असेल. बहामनी सल्तनतीचे हे वजीर मूळचे इराणमधल्या गिलानचे. त्यांनी बांधलेला मदरसा १४७२ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या दर्शनी भिंतीवर झिलई दिलेल्या रंगीत टाइल्स होत्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस बारूदाच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग कोसळला. उरलेल्या भिंतीवर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या टाइल्सचे तुकडे आजही दिसतात. साडेपाचशे पावसाळे आणि उन्हाळे अंगावर घेऊनही रंग टिकला, कारण तो वरून फासलेला नाही. झिलई म्हणजे मातीच्या अंगावर वितळवून बसवलेला काचेचा पातळ थर. रंग त्या काचेतच विरघळलेला असतो. कोबाल्ट घातलं की गडद निळा येतो, तांबं घातलं की फिरोजी. आजच्या टाइल कारखान्यात झिलईच्या विभागात बसलेला इंजिनिअर याच हिशोबाची आधुनिक आवृत्ती मांडत असतो.

महाराष्ट्रातही या उद्योगाला जुनी परंपरा आहे. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना काढला. तिथे काम शिकलेल्या ओगल्यांनी १९१६ मध्ये कराडजवळ ओगलेवाडीचा कारखाना सुरू केला. आपल्या आजी-आजोबांच्या घरात ज्याच्या उजेडात अभ्यास झाला तो प्रभाकर कंदील तिथलाच. मोरबी-वांकानेर पट्ट्यात नावाजलेली परशुराम पॉटरी उभारणारे परशुराम गणपुले हेही मराठीच. थोडक्यात, काम शिकलेली माणसं तयार झाली की कारखाने उभे राहतात.

नोकऱ्या आहेत कुठे?

आता मुद्द्याचं बोलू. नांदेड किंवा लातूर शहरात ‘सिरॅमिक इंजिनिअर पाहिजे’ अशी पाटी दिसणार नाही. आपली जमीन बेसाल्टची, वरची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की भेगाळते. म्हणून तर वीटवाले तिच्यात राख मिसळतात, आणि परळीच्या औष्णिक केंद्राची राख विटांसाठी वापरली जाते. टाइल किंवा कपबशीला लागणारी पांढरी चिनी माती इथे मिळत नाही. त्यामुळे ‘शिकून आल्यावर गावातच टाइलचा कारखाना काढू’ हे स्वप्न आधीच बाजूला ठेवलेलं बरं. पण जरा दूर नजर टाकली तर चित्र बदलतं.

*सिमेंट.* लातूरच्या दक्षिणेला कलबुर्गी जिल्ह्यात वाडी, मळखेड, सेडम इथे मोठे सिमेंट कारखाने आहेत. ज्या चुनखडीच्या पट्ट्यातून आपल्या घरांतली शहाबादी फरशी येते, त्याच पट्ट्यावर हे कारखाने चालतात. नांदेडकडून विदर्भात गेलात तर चंद्रपूर जिल्ह्यातले गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस हे सिमेंटचेच पट्टे. इथे गुणवत्ता तपासणी, भट्टी नियंत्रण आणि भट्टीच्या अस्तराच्या देखभालीसाठी माणसं लागतात.

*भट्टीचं अस्तर.* धातू वितळवणाऱ्या भट्टीला आतून जे उष्णता सोसणारं अस्तर लावतात त्याला रिफ्रॅक्टरी म्हणतात. आपण त्यातल्या विटांना फायरब्रिक म्हणून ओळखतो. या मालाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे पोलाद उद्योग, आणि मराठवाड्यात जालन्याचे सळईचे कारखाने आहेतच. तिथल्या इंडक्शन भट्ट्यांना सिलिकाच्या भुकटीचं अस्तर ठोकून बसवलं जातं, ठरावीक वापरानंतर ते झिजतं आणि पुन्हा करावं लागतं. ते वेळेवर बदललं नाही तर वितळलेलं लोखंड भट्टी फोडून बाहेर येतं आणि माणसं जातात. मांजरा पट्ट्यातल्या साखर कारखान्यांचे बॉयलरसुद्धा आतून फायरब्रिकचे असतात. गाळप हंगाम संपला की दुरुस्तीच्या यादीत हे काम असतंच. आज आपल्याकडे ते अनुभवी गवंडी आणि ठेकेदार करतात. शास्त्र शिकलेला माणूस या साखळीत विक्री अभियंता, साइट इंजिनिअर किंवा स्वतःचा ठेका घेणारा म्हणून उभा राहू शकतो. मराठवाड्यात राहून सिरॅमिकचं काम करायचं असेल तर सर्वांत खरी संधी मला इथेच दिसते.

*टाइल्स आणि सॅनिटरी.* देशातल्या बहुतांश टाइल्स गुजरातच्या मोरबीत बनतात. कारखाने शेकडो आहेत, काम लवकर मिळतं आणि शिकायलाही भरपूर मिळतं. मात्र हा धंदा इंधनाच्या भावावर नाचतो. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथले कोळशाचे गॅसिफायर बंद करायला लावले, तेव्हापासून कारखाने नैसर्गिक वायूवर आले. वायू महागला की भट्ट्या थंड होतात आणि भट्ट्या थंड झाल्या की नोकऱ्याही डळमळतात. हे समजून तिथे जावं.

*हैदराबाद.* नांदेड-लातूरकरांसाठी हैदराबाद कधीच परकं नव्हतं. तिथे न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स आहे, जिथे अणुभट्टीसाठी युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या दाबून भाजल्या जातात. हे सिरॅमिकचंच काम. बाळापूरला भुकटी धातुशास्त्र आणि नव्या पदार्थांवर संशोधन करणारी ‘एआरसीआय’ ही सरकारी संस्था आहे. अणुऊर्जा खात्याच्या संस्था बी.एस्सी. आणि डिप्लोमाधारकांनाही प्रशिक्षणार्थी म्हणून घेतात, त्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं.

*आखाती देश.* आपल्या कित्येक घरांतला एक तरी माणूस आखातात आहे. रास अल-खैमा इथली, १९८९ मध्ये स्थापन झालेली आरएके सिरॅमिक्स ही जगातल्या मोठ्या टाइल कंपन्यांपैकी एक. सौदीतही टाइल्स, सिमेंट आणि पोलादाचे कारखाने आहेत. पण कोऱ्या पदवीवर तिकडे धावू नये. भारतात चार-पाच वर्षं भट्टीवर काढून गेलेल्या माणसाला तिथे इंजिनिअर म्हणून बोलावतात. अनुभव नसलेल्याला एजंट कोणत्याही कामावर पाठवतो.

आणि एक गोष्ट आपल्या शेजारचीच. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. या यंत्राचं काळीज म्हणजे प्रत्येकी ४० किलोचे आरसे, आणि ते अतिशुद्ध सिलिकाच्या काचेचे असतात. त्यामुळे आपल्या गावात लगेच नोकऱ्या निघतील असं मी म्हणणार नाही. पण काच आणि सिरॅमिकचं शास्त्र कुठवर जाऊन पोहोचलं आहे, हे मुलांना दाखवायला हे उदाहरण पुरेसं आहे.

आत शिरायचे दरवाजे

*पहिला दरवाजा : आयआयटी आणि एनआयटी.* वाराणसीच्या आयआयटी-बीएचयूमध्ये सिरॅमिकचा विभाग आहे. १९२४ पासूनचा हा देशातला सर्वांत जुना विभाग. प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डमधून. ओडिशात राउरकेलाच्या एनआयटीतही सिरॅमिक इंजिनिअरिंग आहे, तिथे जेईई मेन पुरते. राउरकेला हे पोलादाचं शहर असल्याने कारखाना दाराशीच. या संस्थांत कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्सच्या जागा आधी भरतात आणि सिरॅमिक शेवटी भरणाऱ्या शाखांमध्ये असते. म्हणजे तुलनेने मागच्या रँकवरही मोठ्या संस्थेचं दार उघडू शकतं. असा नंबर आला आणि मोहल्ल्यात कोणी हे नाव ऐकलेलं नाही म्हणून जागा सोडली, तर नुकसान आपलंच. त्या संस्थेची प्रयोगशाळा, ग्रंथालय, कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या या सगळ्यांचा लाभ प्रत्येक शाखेच्या विद्यार्थ्याला होतो.

*दुसरा दरवाजा : राज्यांच्या संस्था.* कोलकात्यात १९४१ मध्ये सुरू झालेलं सरकारी इंजिनिअरिंग व सिरॅमिक टेक्नॉलॉजी कॉलेज आहे. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातही हा विषय आहे. पण या जागा मुख्यतः त्या-त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात. आपल्याला जवळचं म्हणजे कलबुर्गीचं पी.डी.ए. इंजिनिअरिंग कॉलेज, जिथे सिरॅमिक आणि सिमेंट टेक्नॉलॉजी एकत्र शिकवण्याची परंपरा आहे. सिमेंटचे कारखाने त्याच जिल्ह्यात असणं हा मोठा फायदा. मात्र चालू वर्षी प्रवेश होणार आहेत का, बाहेरच्या राज्यातल्या मुलांना किती जागा आणि किती फी, हे कॉलेजात जाऊन विचारावं आणि लेखी घ्यावं. गेल्या तीन वर्षांत कोणत्या कंपन्या आल्या, किती मुलांना घेतलं, हेही विचारावं. जे कॉलेज या प्रश्नाचं सरळ उत्तर देत नाही तिथे पैसे भरू नयेत. लहान शाखेची पदवी आडबाजूच्या कॉलेजातून घेण्यासारखा तोट्याचा सौदा नाही.

*तिसरा दरवाजा : घराजवळून, वळसा घेऊन.* बहुतेक मुलांसाठी हाच व्यवहार्य आहे. नांदेडला विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत केमिकल इंजिनिअरिंग आहे, प्रवेश एमएचटी-सीईटीमधून. केमिकल, मेकॅनिकल किंवा मेटलर्जी शिकलेल्या मुलाला सिमेंट, काच, टाइल, रिफ्रॅक्टरी या सर्व कारखान्यांत घेतात, शिवाय इतर उद्योगांची दारंही उघडी राहतात. नंतर विशेष अभ्यास करायचा असेल तर गेट परीक्षा द्यावी. गेटमध्ये सिरॅमिकचा वेगळा पेपर नाही. ‘एक्सई’ या पेपरमध्ये मटेरियल्स सायन्स हा विभाग निवडता येतो. ज्यांनी बी.एस्सी. केलं त्यांनी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून किंवा अन्यत्र रसायनशास्त्र वा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून पुढे मटेरियल्सकडे वळावं. संशोधनाची आवड असेल तर कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था हे १९५० पासूनचं राष्ट्रीय केंद्र आहे.

*चौथा दरवाजा : दहावीनंतर डिप्लोमा.* नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे. घरची परिस्थिती बेताची असेल तर मेकॅनिकलसारखा डिप्लोमा करून कारखान्यात लागावं, किंवा थेट दुसऱ्या वर्षाला पदवीत जावं. भट्टीवर दोन वर्षं काढलेला डिप्लोमाधारक बऱ्याचदा नव्या पदवीधरापेक्षा जास्त कामाचा ठरतो.

ज्यांना इंजिनिअर नाही तर कारागीर व्हायचं आहे, चाकावर हात बसवायचा आहे, त्यांच्यासाठी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला खादी-ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय ग्राम कुंभारकाम संस्था आहे. सीमाभागातलं गाव असल्याने मराठी मुलांना भाषेची अडचण जाणवत नाही. हा मार्ग वेगळा आहे. त्याला इंजिनिअरिंगचा पर्याय समजू नये, पण कमीही लेखू नये.

अकरावीतच होणारी चूक

नीटच्या नादात पुष्कळ मुलं अकरावीला गणित सोडतात. जीवशास्त्र घेतलं ते ठीक. पण गणित सोडलं की वर सांगितलेल्या पदवीच्या दरवाजांतले बहुतेक बंद होतात. ज्याला गणित अगदीच झेपत नाही त्याची गोष्ट वेगळी. ज्याला झेपतं त्याने अकरावी-बारावीत दोन्ही विषय ठेवावेत. अम्मी-अब्बांनी क्लासवाल्याला हे स्पष्ट सांगावं. क्लासला त्याच्या निकालाची जाहिरात करायची असते, आपल्याला मुलाचं आयुष्य उभं करायचं असतं.

आणखी एक अट लक्षात ठेवा. एनआयटी-आयआयटीच्या प्रवेशासाठी बारावीत ७५ टक्के गुण, किंवा आपल्या बोर्डाच्या पहिल्या २० टक्क्यांत असणं लागतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही मर्यादा ६५ टक्के आहे. जेईईच्या नादात बोर्डाची परीक्षा दुर्लक्षित करू नये.

कागदपत्रं आणि पैसा

आपली मुलं गुणांत कमी पडतात त्याहून जास्त कागदांत कमी पडतात. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसीत आहेत. पण राज्याची यादी वेगळी आणि केंद्राची वेगळी. आयआयटी-एनआयटीसाठी केंद्रीय यादीत नाव असावं लागतं, आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात, त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं हवं. राज्यातल्या प्रवेशाला मात्र जात पडताळणी लागते, तिला महिने लागतात. अकरावीतच अर्ज टाकावा. जे कोणत्याच आरक्षणात बसत नाहीत, त्यांनी आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र पाहावं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि शेती ५ एकरांपेक्षा कमी, या त्याच्या मुख्य अटी आहेत.

फीबद्दल घरोघरी गैरसमज आहे. आयआयटी आणि एनआयटीत कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत असेल तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ होतं. १ ते ५ लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफ होतं. राहणं आणि मेस वेगळं भरावं लागतं. म्हणजे हातगाडीवाल्याच्या किंवा रिक्षावाल्याच्या मुलाला एनआयटी बऱ्याचदा गावाजवळच्या खासगी कॉलेजपेक्षा स्वस्त पडतं. उत्पन्नाचा दाखला मात्र तहसीलचा, खरा आणि वेळेवर काढलेला हवा. त्यानंतर शिष्यवृत्त्या पाहाव्यात. राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्जाची योजना आहे. व्याजाचा प्रश्न ज्या घरांना अडतो त्यांनी आधी माफी, शिष्यवृत्ती आणि जमातीतली मदत हे मार्ग पूर्ण करून पाहावेत. एका हुशार मुलाचा चार वर्षांचा मेसचा खर्च उचलणं हे कोणत्याही मोहल्ल्याला जड नाही, ठरवलं तर.

धूळ आणि जबाबदारी

या क्षेत्राची काळी बाजू सांगितल्याशिवाय मार्गदर्शन पूर्ण होत नाही. भट्टीजवळ उकाडा असतो, पाळ्या रात्रीच्याही असतात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे सिलिकाची धूळ. डोळ्यांना न दिसणारे तिचे कण वर्षानुवर्षं फुप्फुसात साचले की सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. पुष्कळदा तो क्षयरोग समजून औषधं दिली जातात आणि माणूस खंगत जातो. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसची नोंद करणं बंधनकारक केलं, तरीही रोजंदारीवरच्या मजुरांची नोंद क्वचितच होते.

उपाय अवघड नाहीत. भुकटी ओली करून हाताळणं, धूळ ओढून घेणारी यंत्रणा चालू ठेवणं, योग्य मास्क देणं, छातीची नियमित तपासणी. हे होतं की नाही, ते पाहणं शिफ्टवरच्या इंजिनिअरचं काम असतं. विजेचं बिल वाचवायला मालक धुळीचा पंखा बंद ठेवायला सांगतो तेव्हा ‘नाही’ म्हणण्याची हिंमत त्याच्यात हवी. त्याच्या हाताखालचे मजूर बहुधा आपल्यासारख्याच घरांतले असतात. हलाल रोजीचा अर्थ फक्त पगार कुठून आला एवढाच नसतो. तो कोणाच्या श्वासावर मिळवला, हाही असतो. म्हणून नोकरीला लागण्याआधी मुलाने कारखान्यात धुळीची व्यवस्था बघावी, आणि आई-वडिलांनीही पगाराच्या आधी हाच प्रश्न विचारावा.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

*मुलीला हे क्षेत्र चालेल का?* चालेल. भट्टीवरच उभं राहावं लागतं असं नाही. प्रयोगशाळा, गुणवत्ता तपासणी, झिलई आणि रंगांची रचना, संशोधन, अध्यापन ही सगळी कामं आहेत. आयआयटी-एनआयटीत मुलींचं प्रमाण वाढावं म्हणून जादा जागा ठेवलेल्या असतात, त्यामुळे मुलीचा नंबर लागण्याची शक्यता अधिक. वसतिगृह संस्थेच्या आवारात असतं. एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहून या, मग निर्णय घ्या. न पाहताच ‘लांब आहे’ म्हणू नका.

*पगार किती?* सुरुवात साधी असते. कॉम्प्युटरवाल्या मित्राशी तुलना केली तर पहिली तीन-चार वर्षं मन खट्टू होईल. पण भट्टीचा अनुभव वयाबरोबर वाढत जातो आणि त्याची किंमतही वाढते. ज्याला भट्टी समजते तो माणूस कारखान्याला सहज बदलता येत नाही.

*सरकारी नोकरी मिळेल का?* सेल, भेल यांसारख्या सार्वजनिक कंपन्यांत आणि संशोधन संस्थांत सिरॅमिकच्या जागा निघतात. मात्र त्या थोड्या असतात आणि दरवर्षी निघतीलच असं नाही. फक्त त्यांच्या भरवशावर ही शाखा घेऊ नये.

*मुलाला आवड आहे की नाही, कसं ओळखायचं?* सुट्टीत त्याला एकदा वीटभट्टीवर, एकदा साखर कारखान्याच्या दुरुस्तीच्या वेळी बॉयलरपाशी न्या. ज्या मुलाला ‘ही वीट तडकली आणि ती का नाही?’ असा प्रश्न पडतो, तो या वाटेचा. ज्याचं लक्ष सारखं मोबाईलकडे जातं त्याला जबरदस्तीने या वाटेवर ढकलू नका. एनपीटीईएलवर सिरॅमिक आणि मटेरियल्सची व्याख्यानं मोफत ऐकायला मिळतात. इंग्रजी थोडी अवघड वाटेल, पण सवयीने जमते.

या महिन्यात करायच्या गोष्टी तीनच. अकरावीत असाल तर गणित सोडू नका. घरात कोणीही दहावीच्या पुढे असेल तर उत्पन्नाचा दाखला, जातीचं किंवा आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र यांची फाइल आजच उघडा. आणि जेईईचा अर्ज भरणाऱ्या मुलाने जागांच्या पसंतीक्रमात सिरॅमिक, मटेरियल्स, मेटलर्जी ही नावं न घाबरता खाली का होईना लिहावीत. यादीत नाव लिहिलं म्हणून ती जागा घ्यावीच लागते असं नाही. पण लिहिलंच नाही, तर ती मिळण्याचा प्रश्नच येत नाही.